वार्षिक बोजा

साहेब म्हणाले, "चौगुले, उद्या दहाला
टिपणी टेबलावर पाहिजे."
म्हणून थांबलो.
लेखा विभागात एकच ट्यूब चालू ठेवली,
खाली भाऊसिंगजी रोडला शटरं एकेक करून पडत होती.

विषय : किमान वेतन वाढल्यास
महापालिकेवर पडणारा वार्षिक बोजा.

झाडू कामगार, ठेक्यावरचे, सहाशे बारा.
रोजामागं वाढ चौऱ्याहत्तर रुपये.
गुणिले सव्वीस, गुणिले बारा :
एक कोटी एकेचाळीस लाख
एकोणतीस हजार आठशे छप्पन्न.
शेवटचे छप्पन्न दोनदा तपासले.
लेखापरीक्षक कोटी सोडतो, छप्पन्न सोडत नाही.

त्यावर भविष्यनिर्वाह निधी, त्यावर बोनस,
त्यावर ठेकेदाराचे दहा टक्के.
त्यानं मोर्चा काढला नाही, निवेदन दिलं नाही,
तरी त्याचे वाढतात,
दूध तापलं की साय आपसूक वर येते तसे.

"बोजा" लिहिताना पेन अडलं.
जानेवारीत माझा महागाई भत्ता वाढला,
ती टिपणीही मीच केलेली.
कपाटातून फाईल काढली, धूळ झटकली.
तिथं बोजा नव्हता.
"देय रक्कम" होतं,
माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारून.

हे चौऱ्याहत्तर रुपये जाणार कुठं, तेही मला ठाऊक.
लक्ष्मीपुरीत तेलाच्या पिशवीला,
पोरीच्या क्लासला,
आणि थकलेल्या पाणीपट्टीला, दंडासकट,
आमच्याच तळमजल्यावर, खिडकी क्रमांक चार.
पण परत येणाऱ्या पैशाला
छापील नमुन्यात रकाना नाही.

साडेनवाला साहेबांचा फोन.
मागं कुणाच्या तरी वरातीचा बँड.
"लेखाशीर्षात शिल्लक?"
"नाही."
"घरफाळा वाढवला तर?"
"निवडणूक आहे, साहेब."
थोडा वेळ नुसता बँड वाजला.
"मग बोजा शून्य येईल असं काढा."

शून्य काढता येतं.
एकवीस वर्षं दुसरं केलंय काय?
सहाशे बारा गुणिले चारशे ऐंशी, जुना रोज,
भागिले पाचशे चोपन्न, नवा रोज.
कॅलेंडरच्या पाठीवर केलं,
संगणकावर केलेलं मागं राहतं.
भागाकार पाचशे तीस.
बाकी एकशे चाळीस रुपये.
रुपयांची बाकी लिहायची पद्धत आहे.
ब्याऐंशी माणसांची नाही.

ब्याऐंशी म्हणजे
आमची अख्खी मंगळवार पेठ,
रंकाळ्याची एक बाजू,
जयंती नाल्यावरचे दोन पूल
आणि मटण मार्केटची मागची गल्ली.
त्यांचे खराटे बाकीच्यांच्या खांद्यावर जातील,
चौऱ्याहत्तर रुपयांत.

दहाला पहिला कागद ठेवला, कोटींचा.
"शून्याचं?"
"येत नाही, साहेब."
त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी पंख्याकडं.
कॅलेंडरचं पान खिशात घामानं मऊ झालं होतं.
हे काही फार मोठं नव्हे.
भागाकार कुणालाही येतो,
वरच्या मजल्यावर तर चांगलाच येतो.

दुसऱ्या दिवशी, पहाटे साडेपाच.
सुरेखा घस्ते दारासमोर झाडत होती,
नाकावरनं पदर, हातात बुडखा झिजलेला खराटा.
"काय ओ साहेब, आमच्या पगाराचं काय झालं?"
"फाईल वर गेलीय."
"वर म्हंजे किती वर?"
तिनं खरंच वर बघितलं.
तिथं तारेवर एक फाटका पतंग होता.

मला सुचलं ते एवढंच :
स्कूटर स्टँडवरनं काढली,
हातभर पुढं घेतली.
खाली किती दिवसांचा पाला होता
कुणास ठाऊक.
ती काही बोलली नाही.
वाकली, आणि तेवढी जागाही झाडून घेतली.